मासे मागाहून, आधी पाणी मुरू द्या

कच्चे शेणखत घालून वर लगेच बी टोकले तर कोंब जळतो, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. लोणचे घातल्या दिवशी कोणी पानात वाढत नाही, आणि गोबरगॅसचा खड्डा भरला त्याच संध्याकाळी शेगडी पेटत नाही. मग खाऱ्या पाण्याची काचेची पेटी घरी आणली की त्याच दिवशी तिच्यात रंगीत मासे सोडायची घाई आपण का करतो?

पूर्वी असल्या पेट्या पाहायच्या तर मुंबईला जावे लागे. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि गावाकडच्या कित्येक पोरांनी समुद्रातला रंगीत मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. आता तसे राहिले नाही. किनाऱ्यावर पर्यटकांना उतरवणारी घरे पडवीत अशी पेटी मांडतात, शाळा मांडतात, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा हौसेने घेऊन येतो. शिवाय तो आता नुसता हौसेचा मामला उरलेला नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातील विळिंजम येथे क्लाउन माशाची वीण बंदिस्त टाकीत करून दाखवली. नवी मुंबईत ऐरोली येथे कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने याच माशांची हॅचरी उभी राहिली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा मासा. त्याची पिल्ले आणायची, वाढवायची आणि विकायची, हा बायकांच्या बचत गटाला जमण्यासारखा जोडधंदा आहे. म्हणजे पेटीत मासा मेला तर केवळ पोर रडते असे नाही, गटाचा हप्ताही थकतो.

नव्या पेटीतले मासे मरतात ते बहुधा रोगाने नव्हे. पाणी आरशासारखे स्वच्छ असते, खाणे वेळेवर असते, आणि तरी चार-सहा दिवसांत मासे वर येऊन धापा टाकू लागतात, कल्ले लाल दिसतात आणि एका सकाळी ते तळाशी पडलेले सापडतात. दुकानदार म्हणतो मासा नाजूक होता, शेजारीण म्हणते दृष्ट लागली. खरा अपराधी डोळ्यांना दिसत नाही. तो अमोनिया.

गोठा दोन दिवस धुतला नाही की नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचा. मासा आपल्या शरीरातला निरुपयोगी नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. उरलेले खाणे कुजले की त्याचाही अमोनियाच होतो. समुद्रात हे सारे कुठल्या कुठे पसरून जाते. शंभर लिटरच्या पेटीत जायचे कुठे? त्यातून खाऱ्या पाण्याची आणखी एक अडचण आहे. मातीचा सामू तुम्ही तपासून घेता, तसाच पाण्यालाही सामू असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या आसपास. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग खऱ्या विषारी रूपात असतो. खाऱ्या पाण्यात त्या सामूला आणि आपल्याकडच्या उष्णतेला तोच भाग पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून गोड्या पाण्याच्या पेटीत खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

वाळूच्या नळीतले वीस दिवस

या अमोनियाचा बंदोबस्त कोण करते, हे प्रथम शेतीच्या अभ्यासातूनच कळले, मत्स्यालयातून नव्हे. ती हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

जुन्या गोठ्यांच्या आसपासच्या मातीत सोरा धरतो हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण शेणामुताचा सोरा कसा बनतो याचे कोडे सुटत नव्हते. रसायनाचा काही खेळ असेल, मातीला हवा लागली की आपोआप घडत असेल, असे बहुतेक पंडित मानत. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एक साधा प्रयोग केला. एका लांब नळीत वाळू आणि खडूची भुकटी भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी अगदी हळूहळू झिरपू दिले. वर ओतलेले पाणी अमोनियाने भरलेले, आणि खालून निघणारे पाणीही अमोनियाने भरलेलेच. एक दिवस झाला, आठवडा झाला, दोन आठवडे झाले, काही फरक नाही. वीस दिवस उलटले आणि मग खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. पुढे ते वाढत गेले आणि अमोनिया नाहीसा झाला.

हा केवळ रसायनाचा खेळ असता तर पहिल्याच दिवशी का झाला नाही? वीस दिवस कोणाची वाट पाहत होता? त्या दोघांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्लोरोफॉर्मने सजीव निपचित पडतो. नायट्रेट बनणे बंद झाले. वाफ काढून टाकली तरी ते आपोआप सुरू होईना. मग चांगल्या मातीचे थोडे धुवण वर ओतले, तेव्हा काही दिवसांनी गाडी पुन्हा चालू लागली. म्हणजे त्या वाळूत काहीतरी जिवंत वस्तीला आले होते आणि वस्ती वाढायला वीस दिवस लागले होते.

हे जिवंत काहीतरी वेगळे काढून दाखवले ते विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९० साली झुरिकमध्ये. त्याने दाखवले की हे काम एकट्या जातीचे नाही, ते दोन टप्प्यांत चालते. एक जमात अमोनिया खाऊन त्याचे नायट्राईट करते, दुसरी जमात ते नायट्राईट खाऊन त्याचे नायट्रेट करते. तुमच्या रानात अमोनियम सल्फेट किंवा युरिया टाकल्यावर जमिनीत जे नत्रीकरण होते ते हेच. गंमत अशी की समुद्रात आणि खाऱ्या पेट्यांत हे काम जिवाणूंखेरीज आणखी एक निराळीच सूक्ष्म जमात करते, आणि ती प्रथम वेगळी काढली गेली २००५ साली, अमेरिकेतील सिएटलच्या मत्स्यालयातील एका टाकीच्या खडीतून.

तुमच्या पडवीतली नवी पेटी म्हणजे ती वाळूची नळी समजा. पहिले काही आठवडे तिच्यात काम करणारी वस्तीच नसते. ती वस्ती मासे यायच्या आधी वसवायची. पेटी 'मुरवणे' म्हणतात ते एवढेच.

पाणी, मीठ आणि शिंपले

तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी पेटी घेतली तर तिच्यात काठ सोडून शंभर लिटरच्या आतबाहेर पाणी मावते. याहून लहान पेटीच्या नादी नवख्याने लागू नये. थोडे पाणी लवकर बिघडते. भरल्यावर तिचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते, तेव्हा खालचे मेज भक्कम आणि पाणसळीत असू द्या.

मीठ कोणते घ्यावे? पुष्कळांना वाटते, घरात मिठाची पोती आहेत, टाका चार किलो. तसे करू नका. मिठागरात पाणी आटत जाते तेव्हा आधी चुनायुक्त भाग जिप्समच्या रूपाने खाली बसतो, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्याबरोबर निघून जाते. म्हणजे जे हाती येते ते समुद्रातले एकच द्रव्य, सारा समुद्र नव्हे. मत्स्यपेटीसाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेले तयार मीठ मिळते, तेच घ्या. शंभर लिटरला साडेतीन ते पावणेचार किलो लागते. ते बादलीत वेगळे विरघळवा, एक दिवस ढवळत ठेवा आणि हायड्रोमीटरने तपासा. दूध संस्थेत लॅक्टोमीटर बुडवतात तशीच ही नळी. काटा १.०२३ ते १.०२५ च्या दरम्यान हवा.

समुद्राकाठी राहणाऱ्यांनी समुद्राचे पाणी आणायला हरकत नाही, पण खाडीच्या तोंडचे, बंदराजवळचे आणि पावसाळ्यातले नको. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी पातळ होते आणि गढूळही असते. आणलेले पाणी फडक्यातून गाळून, झाकून, अंधारात आठ-पंधरा दिवस ठेवा आणि वरचे नितळ तेवढे वापरा. मीठ मिसळायला गोडे पाणी नळाचे असेल तर त्यातले क्लोरीन आधी घालवा, कारण जे जिवाणू मारण्यासाठी ते टाकलेले असते त्यांच्यातच आपले कामकरी आले. विहिरीचे पाणी असेल आणि विहीर उसाच्या मळ्यात असेल, तर त्यात खताचे नायट्रेट आधीच असण्याचा संभव आहे. अशा वेळी गाळणयंत्राचे, म्हणजे आरओचे पाणी बरे.

आता वस्तीला घरे हवीत. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते खडबडीत पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणूनच दुसऱ्याच्या जुन्या पेटीतले पाणी आणून ओतल्याने काही साधत नाही. बाजारात सच्छिद्र चिनी मातीच्या कड्या मिळतात, त्या चांगल्या. कालवांचे शिंपलेही चालतात. मात्र ते उकळून, घासून, कडक उन्हात खडखडीत वाळवलेले हवेत. मांसाचा अंश राहिला तर पेटीभर घाण. यांच्यातून पाणी सतत खेळते राहील असा लहान पंप आणि हवेचा पंप जोडा.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. परदेशी पुस्तकांत 'जिवंत खडक' आणून पेटी मुरवण्याची रीत दिलेली असते. इंडोनेशियात जकार्ताच्या ली चिन एंग याने १९६१ साली ती लिहून प्रसिद्ध केली आणि ती उत्तमही आहे. पण आपल्या देशात प्रवाळ, म्हणजे खडक बांधणारी पोवळी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, समुद्रघोडेही आहेत. कोणी स्वस्तात देऊ केले तरी हात लावू नका.

नवसागर घ्या, युरिया नको

घरे झाली, पाणी झाले. आता वस्तीला खायला पाहिजे. जुन्या पद्धतीत एखादा चिवट मासा पहिला सोडत आणि त्याच्या विष्ठेवर पेटी मुरवत. तो जगला तर जगला. मला विचाराल तर ही रीत टाकून द्यावी. जिवंत प्राण्याला महिनाभर विषात ठेवण्याचे काही कारण नाही, कारण तेच काम नवसागराने होते.

कल्हईवाला तापल्या भांड्यावर टाकून धूर काढतो तोच नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराईड. मात्र कल्हईच्या दुकानातला भेसळीचा खडा नको. रसायनाच्या दुकानातून शुद्ध भुकटी घ्या. शंभर लिटर पाण्याला अर्धा ते पाऊण ग्रॅम पुरतो, म्हणजे सोनाराच्या काट्यावर तोलण्याची गोष्ट आहे. एवढ्याने अमोनिया लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास येतो. जास्त टाकल्याने लवकर होईल हा हिशेब चुकीचा. पाचच्या वर गेले की कामकरीच गुदमरतात आणि सारे रेंगाळते.

युरिया घरात आहे, तो चालेल का, असे कोणी तरी विचारणारच. युरियाचा अमोनिया व्हायला आधी दुसरे जिवाणू लागतात. नव्या पेटीत ते केव्हा आणि किती करतील याचा भरवसा नाही, आणि तपासणीत आकडा काय समजायचा हे कळत नाही. डीएपी तर मुळीच नको. त्यातल्या स्फुरदाने पेटीचे हिरवे डबके होईल. नवसागर मिळालाच नाही तर एक सोललेली कोळंबी पातळ फडक्यात बांधून टाका. ती कुजून काम होते, पण वासाची तयारी ठेवा आणि मापाची अपेक्षा ठेवू नका.

विरजण मिळाले तर दही लवकर लागते. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी खाऱ्या पाण्याची पेटी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू किंवा गाळणीच्या स्पंजाचा तुकडा ओलाच घेऊन या. गोड्या पाण्याच्या पेटीतला स्पंज इथे कामाचा नाही, तिथली जमात खाऱ्यात तग धरत नाही. आणि ज्या पेटीत नुकताच नवा मासा आला आहे किंवा माशांवर पांढरे ठिपके आहेत, तिथले विरजण घेऊ नका. रोगही सोबत येईल.

आता वही घाला आणि एक दिवसाआड तपासा. थेंब टाकून रंग पाहायच्या तपासणीच्या पेट्या मिळतात. अमोनिया, नायट्राईट, नायट्रेट आणि सामू अशा चार हव्यात. त्यांवर पैसे वाचवू नका. त्या नसतील तर तुम्ही डोळे बांधून नांगर धरला आहे.

पहिले आठ-दहा दिवस आकडा हलणारच नाही. घरचे हसतील, रिकाम्या पेटीला वीज कशाला म्हणतील. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राईट दिसू लागते. अमोनिया शून्यावर आला की लोक फसतात, झाले म्हणून मासे आणायला निघतात. थांबा. पहिली जमात कामाला लागली, दुसरी अजून यायची आहे. अमोनिया उतरेल तसा नवसागराचा हप्ता पुन्हा द्या, एरवी पहिली जमात उपाशी मरेल. पण नायट्राईटचा रंग तक्त्याच्या शेवटच्या घरात गेला तर तो उतरेपर्यंत हप्ता अर्धा करा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नायट्राईट शिगेला असते. समुद्राच्या पाण्यातले क्लोराईड नायट्राईटचा मार बराच सौम्य करते हे खरे, पण त्याच्या भरवशावर पिल्ले सोडणे शहाणपणाचे नाही. मग एका आठवड्यात ते भराभर उतरते. चार ते सहा आठवडे धरून चाला. हे जीव सावकाश वाढतात, दूध नासवणाऱ्या जिवाणूंसारखे तासात दुप्पट-चौपट होत नाहीत.

या काळात त्यांना दोन गोष्टी भरपूर लागतात, हवा आणि चुना. एक ग्रॅम नत्राचे रूपांतर करायला साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू खर्ची पडतो, म्हणून हवेचा पंप रात्रीही बंद करायचा नाही. आणि या क्रियेत आम्ल तयार होते, ते मारायला पाण्यातली क्षारता खर्चते. पाचेक हप्ते दिले की समुद्राच्या पाण्यातली जवळजवळ निम्मी क्षारता संपते. सामू ७.८ च्या खाली दिसला तर खाण्याचा सोडा सपाट चमचाभर पाण्यात विरघळवून हळूहळू घाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. काचेवर तपकिरी साय धरेल. ती सूक्ष्म शेवाळाची असते, घाबरू नका, दिवा कमी वेळ लावा. पाणी रोज थोडे उडते. उडते ते पाणी, मीठ मागे राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. उन्हाळ्यात तर काचेवर खूण करून रोज पाहावे लागते.

परीक्षा अशी घ्या. संध्याकाळी नवसागराचा पूर्ण हप्ता द्या. दुसऱ्या संध्याकाळी अमोनियाही शून्य आणि नायट्राईटही शून्य दिसले तर पेटी मुरली. एकाचाही रंग दिसला तर आणखी चार दिवस. तोवर नायट्रेट मात्र साठलेले असते, कारण एक भाग अमोनियाचे साडेतीन भागांहून जास्त नायट्रेट होते. ते फारसे विषारी नाही, पण शेवाळाचे खत आहे. म्हणून मासे आणण्याआधी अर्ध्याहून अधिक पाणी बदला. बदलायचे पाणी आधीच मीठ मिसळून, त्याच उष्णतेचे तयार ठेवा.

बचत गटासाठी दोन शब्द

गटाने टाक्या घातल्या असतील तर हे सहा आठवडे पहिल्या दिवसापासून कागदावर मांडा. या काळात वीज लागेल, तपासण्या लागतील, आणि उत्पन्न काही नाही. कर्जाचा पहिला हप्ता केव्हा येतो ते बँकेत बसून विचारून घ्या आणि पिल्लांची मागणी त्या हिशेबाने नोंदवा. पिल्ले ठरलेल्या तारखेला येणार म्हणून न मुरलेल्या टाकीत सोडण्यापेक्षा तारीख पुढे ढकललेली परवडते. एका टाकीत वस्ती बसली की पुढच्या टाक्यांना तिथलेच विरजण मिळते, तेव्हा साऱ्या टाक्या एकदम भरण्याची गरज नाही.

वीज जाण्याची सोय आधी करा. पंप थांबला की गाळणीतला प्राणवायू थोड्याच तासांत संपतो आणि महिनाभर जपलेली वस्ती गुदमरू लागते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा. गाळणी नळाखाली धुऊ नका, पेटीतलेच काढलेले पाणी बादलीत घेऊन त्यात खळबळा. रोगावरची जिवाणूनाशक औषधे मुख्य टाकीत घालू नका, आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढा.

मासे आणायचे ते दोन-तीनच आधी. वस्ती जेवढे खायला मिळेल तेवढीच वाढते, एकदम वीस मासे सोडले तर तिच्यावर भार पडतो आणि अमोनिया पुन्हा वर येतो. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवा, म्हणजे उष्णता जुळेल. मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत घ्या आणि पेटीतले पाणी वाटी-वाटीने त्यात तासभर घालत राहा. पिशवीतले पाणी पेटीत ओतू नका, मासा जाळीने उचलून सोडा. त्या रात्री दिवा लावू नका आणि खायलाही काही घालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमूटभर खाणे द्या, दोन मिनिटांत संपेल एवढेच, आणि संध्याकाळी अमोनियाची तपासणी करून वहीत लिहा.